पायाचा रक्तपुरवठा आणि शस्त्रक्रिया : एक संक्षिप्त इतिहास

द्रवयांत्रिकीतला प्वाझयचा नियम आठवा. दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. पायाच्या धमनीचेही ढोबळमानाने तसेच. रक्त फारच कमी पडले की बोटे काळी पडतात. पूर्वी अशा वेळी बहुधा पाय कापावा लागे.

१९४८ मध्ये पॅरिसला झाँ कुनलँ यांनी रुग्णाचीच शीर जोडून अडथळ्याला वळसा दिला. शिरेतील झडपा एकाच दिशेने उघडतात, म्हणून ती उलटी जोडली. १९६४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापू न देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंची धमनी आतून नळी घालून रुंद केली. पाय वाचला.

यांपैकी सरस काय? २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत, चांगली शीर असलेल्यांना बायपास सरस ठरला. २०२३ च्या बेसिल-२ चाचणीत, गुडघ्याखालील धमन्यांसाठी आधी फुगा वापरणे सरस ठरले. म्हणजे उत्तर रुग्णागणिक बदलते.

आपल्या छत्तीसगडचा तेंदूपत्ता विडीत जातो. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला, तंबाखूशी निगडित आजार बारीक धमन्याच बंद करतो. तिथे बायपास जोडायला अनेकदा जागाच उरत नाही. अशा रुग्णाचा पाय वाचवण्याचा पहिला उपाय एकच : तंबाखू पूर्ण सोडणे.