पायांखालचा नकाशा

पदार्थसंग्रहालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. उंच छताचें दालन, कांचेचीं कपाटें, प्रत्येक वस्तूखालीं चिठ्ठी, आणि 'हात लावूं नये' अशी पाटी. बोलण्याचा अधिकार तेथील जाणत्या अधिकाऱ्यांचा; आपण पाहावें, वाचावें आणि निमूटपणें बाहेर पडावें. हा रिवाज निरर्थक नाहीं. त्यामुळेंच पुष्कळ मोलाच्या वस्तू आपल्यापर्यंत धड पोंचल्या. परंतु जेथें वस्तूच उरल्या नाहींत, तेथें संग्रह कशाचा करावयाचा? दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन शहराच्या रहिवाशांनीं या प्रश्नाचें जें उत्तर दिलें, तें आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे.

केप टाउनमध्यें बंदरापासून जवळच, टेबल पर्वताच्या पायथ्याशीं, एक दाट वस्ती होती. १८६७ सालीं तिला नगराचा सहावा विभाग, म्हणजे 'डिस्ट्रिक्ट सिक्स', असें नांव मिळालें. गुलामगिरींतून सुटलेल्यांचे वंशज, कारागीर, मजूर, व्यापारी आणि समुद्रापलीकडून आलेलीं माणसें तेथें एकमेकांच्या शेजारानें राहत. आपल्या रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांपैकीं कित्येकांचीं बिऱ्हाडें तेथेंच होतीं.

१९५० सालीं तेथील गोऱ्या सरकारनें वर्णानुसार वस्त्या वांटून देणारा कायदा केला आणि ११ फेब्रुवारी १९६६ रोजीं हा विभाग केवळ गोऱ्यांसाठीं राखीव म्हणून जाहीर झाला. पुढील सुमारें पंधरा वर्षांत ६०,००० हून अधिक माणसांना उठवून शहराबाहेरच्या रेताड माळावर नेण्यांत आलें. घरें जमीनदोस्त झालीं. कांहीं मशिदी व चर्चें तेवढीं उभीं राहिलीं. वस्तीचें जुनें नांवही सरकारनें बदलून टाकलें.

१९९४ च्या एप्रिलमध्यें त्या देशांत सर्व वर्णांच्या लोकांना मतदानाचा हक्क देणारी पहिली निवडणूक झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एका जुन्या मेथॉडिस्ट चर्चच्या इमारतींत डिस्ट्रिक्ट सिक्सचें संग्रहालय उघडलें. पहिलें प्रदर्शन थोड्याच दिवसांसाठीं मांडलें होतें. मांडावयास होतें तरी काय? रस्त्यांच्या नांवांच्या कांहीं पाट्या होत्या. घरें पाडण्याच्या कामावर असलेल्या एका मनुष्यानें त्या फेंकून न देतां आपल्याजवळ जपून ठेविल्या होत्या. याखेरीज दालनाच्या जमिनीवर नाहींशा झालेल्या गल्ल्यांचा एक भला मोठा नकाशा रंगविला होता.

या नकाशाला 'हात लावूं नये' अशी पाटी नव्हती. जुने रहिवासी येत, त्यावरून चालत, आपली गल्ली शोधीत, आणि जेथें आपलें घर होतें तेथें स्वतःच्या हातानें नांव लिहीत. बाजूला कापडाचे लांब पट्टे टांगलेले असत. त्यांवर ज्याला जें आठवेल तें त्यानें लिहावें. पुढें तीं अक्षरें दोऱ्यानें भरून पक्कीं करीत. पाहणारा आणि दाखविणारा हा भेद तेथें उरला नाहीं. पुढें वाटाड्याचें कामही कांहीं जुन्या रहिवाशांनींच पत्करलें.

आपल्याकडे इतिहासाचा अभ्यासक अस्सल कागद मागतो. येथें कागद करणारें सरकार एका बाजूला आणि उठविलेलीं माणसें दुसऱ्या बाजूला. सरकारी दप्तरांत हुकूम सांपडतील. कोणाच्या दाराशीं कोण बसत असे, हें त्यांत सांपडणार नाहीं. जमिनीवरचीं तीं नांवें म्हणजे या माणसांची कैफियत होय. १९९४ च्या कायद्यानें वर्णद्वेषामुळें हिरावलेल्या जमिनी परत मागण्याचा हक्क दिला, आणि १९९७ सालीं जमिनीच्या दाव्यांच्या न्यायालयाचें कामकाज या संग्रहालयांतच चाललें. ११ फेब्रुवारी २००४ रोजीं नेल्सन मंडेला यांनीं परत येणाऱ्या पहिल्या दोन वृद्ध रहिवाशांच्या हातीं घरांच्या किल्ल्या दिल्या. हुकूम निघाल्याला त्या दिवशीं बरोबर ३८ वर्षें झालीं होतीं.

परंतु लोकांच्या आठवणींवर उभ्या राहिलेल्या संस्थेपुढें दोन अडचणी येतात. पहिली अशी कीं, गेलेलें घर आठवतांना मन त्यांतील उणें विसरतें. १९०१ सालीं प्लेगच्या सांथीचें निमित्त करून याच वस्तींतून आफ्रिकन लोकांना प्रथम बाहेर काढलें होतें. हें दुःख मागाहून आलेल्या दुःखाखालीं झांकून गेलें. म्हणून २००० सालच्या दुसऱ्या मोठ्या प्रदर्शनानें घरांच्या आंतल्या बाजूकडे लक्ष वळविलें. येथेंच वाढलेल्या नोम्वुयो न्ग्सेल्वाने यांच्या कुटुंबाची एक खोली तेथें उभी केली आहे. झोंपणें, स्वयंपाक, पाहुणे, सर्व कांहीं त्या एका खोलींत चाले. ती पाहिल्यावर, ज्यांचा उल्लेख राहून गेला होता तीं माणसेंही येथलींच होतीं, हें ध्यानांत येतें.

दुसरी अडचण काळाची आहे. ज्यांनीं नांवें लिहिलीं ते थकले, कित्येक निवर्तले. आतां नकाशावर उभीं राहतात तीं शाळेंतील मुलें आणि दूरदेशचे प्रवासी. त्यांना लिहावयास स्वतःचें घर तेथें नाहीं. त्यांच्याकडून अपेक्षा इतकीच कीं, त्यांनीं प्रश्न विचारावे आणि आपल्या गांवींही असें कोणी उठविलें गेलें काय, याचा शोध घ्यावा.

हल्लीं अनेक संग्रहालयें 'लोकांचा सहभाग' हा शब्द वापरतात. बाहेर पडतांना अभिप्रायाच्या वहींत दोन ओळी लिहविणें म्हणजे सहभाग नव्हे. येणाऱ्याच्या शब्दानें भिंतीवरची हकीकत बदलली काय, एवढीच त्याची कसोटी आहे. केप टाउनच्या त्या दालनांत ती बदलली, कारण ती हकीकत मुळांत त्यांनींच लिहिली होती.