सारांश (चित्रपट)

सारांश हा १९८४ साली प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट आहे. महेश भट्ट यांनी तो दिग्दर्शित केला असून निर्मिती ताराचंद बडजात्या यांच्या राजश्री प्रॉडक्शन्सची आहे. एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूनंतर वृद्ध मराठी दांपत्याच्या वाट्याला आलेले दुःख हा त्याचा विषय आहे. अनुपम खेर, रोहिणी हट्टंगडी, सोनी राझदान, मदन जैन, निळू फुले आणि सुहास भालेकर यांच्या त्यात भूमिका आहेत.

कथानक

निवृत्त मुख्याध्यापक बी. व्ही. प्रधान (खेर) व त्यांच्या पत्नी पार्वती (हट्टंगडी) मुंबईत शिवाजी पार्क परिसरात राहतात. त्यांचा मुलगा अजय न्यूयॉर्कमध्ये लुटारूंच्या हल्ल्यात मारला जातो. त्याच्या अस्थी सोडवून घेण्यासाठी प्रधान सीमाशुल्क कार्यालयात जातात. तेथे परदेशातून आलेल्या वस्तूंसाठी चाललेल्या अडवणुकीला त्यांनाही तोंड द्यावे लागते. आपण टीव्ही किंवा फ्रिज नेण्यासाठी नव्हे, तर मुलाच्या अस्थी नेण्यासाठी आलो आहोत, असे सांगताना त्यांचा बांध फुटतो. हा चित्रपटातील सर्वाधिक स्मरणात राहिलेला प्रसंग होय.

घरखर्चासाठी ते एक खोली सुजाता (राझदान) या होतकरू अभिनेत्रीला भाड्याने देतात. तिला विलासपासून (जैन) दिवस जातात. परंतु आपले वडील, राजकारणी गजानन चित्रे (फुले), यांच्या धाकामुळे विलास कच खातो. चित्रे यांच्या दडपशाहीविरुद्ध प्रधान उभे ठाकतात आणि या लढ्यात त्यांना जगण्याचे निमित्त सापडते. पार्वतीबाईंची मात्र अजयच सुजाताच्या पोटी पुन्हा जन्म घेणार अशी श्रद्धा बसते. प्रधान स्वतः पुनर्जन्म मानत नाहीत. पत्नी या भ्रमात पुरती गुंतल्याचे ध्यानात येताच ते सुजाता व विलास यांना घर सोडून जाण्यास सांगतात. चित्रपटातील खरा संघर्ष चित्रे यांच्याशी नसून या दोघांच्या शोक करण्याच्या भिन्न रीतींमधील आहे.

निर्मिती

साठी ओलांडलेल्या प्रधानांची भूमिका करताना खेर जेमतेम २८ वर्षांचे होते. ही भूमिका मध्यंतरी संजीव कुमार यांच्याकडे जाण्याच्या बेतात होती. त्या वेळी संतापून भट्ट यांच्या घरी जाऊन त्यांना खडे बोल सुनावल्याची आणि त्यानंतर भूमिका परत मिळाल्याची हकीकत खेर यांनी अनेकदा सांगितली आहे. कौटुंबिक मनोरंजनपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या राजश्री संस्थेने असा विषय हाती घेणे हेही त्या काळी वेगळेच होते. संगीत अजित वर्मन यांचे असून गीते वसंत देव यांची आहेत.

पुरस्कार

वसंत देव यांना सर्वोत्कृष्ट गीतलेखनाचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. फिल्मफेअर पुरस्कारांमध्ये खेर सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले, तर कथेचा पुरस्कार भट्ट यांना मिळाला. परभाषीय चित्रपटांच्या ऑस्कर पुरस्कारासाठी भारताने सारांशची अधिकृत प्रवेशिका पाठवली होती. मात्र त्याला नामांकन मिळाले नाही.