औंढ्याची सावड

औंढा म्हटले की आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना नागनाथ आठवतो. आता त्याच औंढ्याजवळ, हिंगोली जिल्ह्यातल्या दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. अमेरिकेने आपली यंत्रे इकडे का द्यावीत, असे आमच्या नांदूरघाटातही लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे.

गुरुत्वीय लहरींचे भाकीत आइनस्टाइनने 1916 साली केले. पुण्यात 1988 साली डॉ. जयंत नारळीकरांनी आयुका उभी केली. तिथे डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी गोंगाटातून या लहरींचा क्षीण सूर कसा वेचायचा, याचे गणित मांडू लागले. तेव्हा अशी एकही लहर यंत्रात सापडलेली नव्हती! पहिली सापडली 14 सप्टेंबर 2015 रोजी. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला ती लहर आधी कळली आणि 7 मिलिसेकंदांनी हॅनफर्डच्या यंत्राला.

यंत्र म्हणजे काटकोनात दोन बोगद्यांसारख्या नळ्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब. लेसरच्या साहाय्याने त्यांच्या लांबीतला अणुकेंद्रकाहूनही कितीतरी लहान फरक मोजायचा. पण एका यंत्राला आवाज कोणत्या दिशेने आला हे नीट कळत नाही. आंधळी कोशिंबीर खेळताना एक कान झाकून पाहा, म्हणजे समजेल. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, तेव्हा इटलीतले व्हर्गो हे यंत्र जोडीला होते. म्हणून जागा नेमकी कळली आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. यंत्रे पृथ्वीवर जितकी दूरदूर, तितकी दिशा पक्की.

हॅनफर्डला एकाच जागी दोन संच बसवायचे, असे आधी ठरले होते. त्यातला एक दूर न्यावा म्हणून प्रथम ऑस्ट्रेलियाला विचारले गेले; 2011 साली तिथे पैशाचा मेळ बसला नाही. मग भारत. 31 मार्च 2016 रोजी वॉशिंग्टनला करार झाला. अंतिम मंजुरी एप्रिल 2023 मध्ये मिळाली, खर्च 2600 कोटी रुपये. यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेचे. जागा, इमारती, निर्वात नळ्या आणि चालवणारी माणसे आपली.

आता गंमत पाहा. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने आपल्यावर निर्बंध लादले. आपल्या अणुऊर्जा विभागाच्या अनेक संस्था त्या यादीत होत्या. अठरा वर्षांनी त्याच विभागाने अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनबरोबर करारावर सही केली.

शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे सावड असते. बांधावरून कोर्टात भांडणारे दोघे पेरणीला एकमेकांच्या रानात जातात, कारण वाफसा कुणासाठी थांबत नाही आणि एकट्याने काम उरकत नाही. सावड म्हणजे दानधर्म नव्हे, आणि मैत्री असलीच पाहिजे असेही नाही. तिथे गरज दोघांची असते. राष्ट्रांचे मोठे विज्ञान मला असेच चाललेले दिसते. त्यांना पृथ्वीच्या या बाजूला एक कान हवा आहे, आपल्याला ते तंत्र हवे आहे.

पण सावडीचा एक नियम आहे. नुसते रान दाखवून भागत नाही, घरचा माणूस पाठवावा लागतो. दुष्काळ आणि ऊसतोड यांपलीकडे ज्या मुलखाचे नाव फारसे निघत नाही, त्या मुलखाची जमीन आज जगाच्या उपयोगी पडते आहे, याचा आनंद आहेच. मात्र त्या नळ्यांपाशी बसून आकडे वाचणाऱ्यांत केज, परळी, औंढ्याची पोरे नसतील, तर आपण फक्त जागा दिली असे होईल. मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान कसे शिकवले जाते, यावर ते ठरणार आहे. माझ्या शिक्षक मित्रांनी यावर जरूर लिहावे.