पुण्यातले ‘गोविंदा’ रोबो आणि आपली मैंदर्गीची पोरं



दहीहंडी कुणाला सांगायला नको. पण दहीहंडीचाच पेपर इंजिनिअरिंगच्या पोरांना घातला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? साल २००८, ठिकाण पुणे. एबीयू रोबोकॉन या आशिया-पॅसिफिक स्पर्धेचं यजमानपद दूरदर्शनकडं होतं. खेळाचं नाव ‘गोविंदा’. पोरांनी स्वतः बनवलेल्या रोबोंनी लोणी पळवायचं, वेळ ३ मिनिटं!

ही शिकवण्याची पद्धत जुनी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत वूडी फ्लावर्स नावाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना सारख्याच सटरफटर सामानाचा संच द्यायचे. त्यातनं यंत्र बनवायचं आणि सत्राअखेर सगळ्यांसमोर स्पर्धेत उतरवायचं. जपानमध्ये प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी अशा स्पर्धा रुजवल्या. १९८८ पासून तिथल्या एनएचके वाहिनीवर रोबोकॉन सुरू झालं. २००२ मध्ये टोकियोत पहिली एबीयू रोबोकॉन झाली आणि व्हिएतनामनं ती जिंकली.

या खेळाची खरी गंमत अशी, की दरवर्षी खेळ बदलतो. गेल्या वर्षीचा रोबो तसाच उतरवून भागत नाही. २०१४ ला स्पर्धा पुन्हा पुण्यात आली, तेव्हा विषय होता आई-बाप आणि लेकरू. मोठ्या रोबोनं छोट्याला झोक्यावर, सी-सॉवर खेळवायचं. म्हणजे नियम वाचा, आराखडा काढा, वजन मोजा, कामं वाटून घ्या, बनवा, मोडलं की परत बनवा. डिझाईन म्हणतात ते हेच.

आणि आपल्याकडं काय चाललंय? बाप कर्ज काढून फी भरतो आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कित्येकदा रेडिमेड विकत मिळतो. पोरगं पास होतं, पण मुलाखतीत “यातलं तू काय केलंस?” विचारलं की गप्प! पोरांत अक्कल कमी नाही हो, हातानं करून बघायची वेळच त्यांच्यावर कुणी आणली नाही.

“मोठ्या शहरातल्यांचं काम ते,” असं कुणी म्हणेल. २०१४ ला पुण्यात जिंकलं ते व्हिएतनामच्या बिएन होआ शहरातलं लाक होंग हे खासगी विद्यापीठ. ते काही राजधानीतलं नाही.

पुणे इथनं साधारण ३०० किलोमीटर. पण वेल्डिंगवाले, मोटर रिवाइंडिंगवाले, ट्रॅक्टरचे मिस्त्री आपल्या गल्लीतच आहेत. सोलापूरला इंजिनिअरिंग शिकणारी आपली पोरं-पोरी सुट्टीत गावी येतात. मंडळांनी यंदा डीजेच्या वर्गणीतला थोडा पैसा बाजूला काढावा. मोटर, बॅटरी, पत्रा, चेन, सगळ्या संघांना सामान सारखंच. मिस्त्रींनी हत्यार धरायला शिकवावं, आराखडा पोरांनी काढावा. आणि दहीहंडीच्या दिवशी चौकात एक छोटी हंडी रोबोंसाठी बांधू.

पहिल्या वर्षी एकही रोबो हंडीपर्यंत पोचला नाही तरी चालेल. का पोचला नाही, हे ज्या पोराला सांगता येईल, ते खरं इंजिनिअर झालं समजा.

कोण कोण तयार आहे, बोला!