गणिताकडून इतिहासाकडे

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे व्यवसायाने गणितज्ञ. तक्षशिलेच्या आहत नाण्यांची वजने घेऊन, चलनातील झिजेवरून त्यांचा कालक्रम लावावा, हा त्यांचा मूळ प्रश्न संख्याशास्त्राचा होता. परंतु नाणी पाडली कोणी, हे तराजू सांगेना. त्यासाठी त्यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास आरंभिला. १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पुढे पुणे परिसरात पायी हिंडून सूक्ष्मास्त्रे व ग्रामदैवते अभ्यासिली. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य होतील असे नाही. तथापि प्रश्न आपल्या विषयाची सीमा ओलांडू लागला, तर संशोधकाने प्रश्न सोडावा की पुन्हा विद्यार्थी व्हावे? कोसंबींनी दुसरा मार्ग पत्करला.