झिम्म्यातील वळण

गेल्या वर्षी नातीच्या शाळेत ‘आपात-आपात’ नावाचे फिलिपिन्समधील एक लोकनृत्य बसविले होते. ‘आपात’ म्हणजे चार. जोड्यांचे दुहेरी रिंगण, चार-चार पावलांच्या हालचाली आणि फेरी संपली की जोडीदार बदलून पुढच्याशी नवी जोडी. नात घरी पावले मोजीत होती, तेव्हा पंच्याऐंशी उलटलेल्या आमच्या काकू म्हणाल्या, “अगं, हा आपला झिम्माच की!”

काकूंचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. आमच्या वाड्यातील झिम्म्यात एक टाळी स्वतःची, एक समोरचीची. लगेच वळण घेऊन पुढचीपुढे जायचे. एकीशी जमले म्हणून तिच्यापाशी थांबता येत नसे. काकू 1956 साली मिरजेहून सून म्हणून धारवाडात आल्या. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे त्यांची पहिली मंगळागौर एका राज्यात झाली आणि दुसरी दुसऱ्या. वाडा मात्र तोच! परक्या घरी आलेल्या त्या मुलीला सासू, जावा, नणंदा यांच्या हातांची ओळख एका रात्रीत झाली. सासूच्या तळहातावर टाळी मारण्याची मुभा वर्षात तेवढीच. शेजारच्या कानडी मुलीही रिंगणात येत. त्यांना गाणे कळत नसे, पण वळण कळे. कारण कोलाटात टिपऱ्यांच्या ठोक्यावर आत-बाहेर गुंफत जाताना जोडीदार बदलतच असतो. त्यांचा जडे कोलाट आणि आपला गोफ ही तर सख्खी भावंडेच.

हे खेळ जुने आहेत. तुकोबांच्या गाथेत फुगडी, टिपरी, हमामा यांवर अभंग आहेत, म्हणजे सतराव्या शतकात ते घरोघरी ठाऊक असणारच. स्त्रियांची गाणी डॉ. सरोजिनी बाबर यांनी कष्टाने गोळा करून छापली. फिलिपिन्समध्ये फ्रान्सिस्का रेयेस आकिनो (1899–1983) यांनी गाण्यांबरोबर पावलेही टिपली. 1920च्या दशकापासून त्या खेडोपाडी हिंडल्या, चाली व मात्रा लिहून घेतल्या आणि ते नाच शाळांतून शिकविले जाऊ लागले. या कार्यासाठी त्यांना 1962 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिकडचे नृत्य धारवाडच्या मुलीपर्यंत पोहोचते आणि तिच्या पणजीचा झिम्मा पोहोचत नाही, याचे कारण मला यातच दिसते. आमच्या घरात गाण्यांच्या दोन वह्या आहेत. पावलांची एकही नाही.

हल्ली मंगळागौरीला कार्यालयात खेळांचा संच बोलावतात. खेळ सुरेख होतात. बायका खुर्च्यांवर बसून पाहतात. टाळ्या पडतात, पण त्या प्रेक्षकांच्या.

जन्मभर फायलींवर टिपणे लिहिली, म्हणून गेल्या श्रावणात काकू व त्यांच्या धाकट्या जावेला समोर बसवून झिम्म्याचेही टिपण सुरू केले. तिसऱ्या टाळीनंतर वळण उजवीकडे की डावीकडे, यावर दोघींचे एकमत होईना. शेवटी दोघी उठल्या, भिंतीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि आपापले वळण करून दाखविले. मी दोन्ही लिहून घेतली आहेत.