उष्णतारोधक लेप : तडकणे व पोपडे सुटणे

वायू टर्बाइनच्या पात्यांवरील सिरॅमिक लेप वारंवार तापून-निवून तडकण्याची व धातूपासून सुटण्याची क्रिया. जेट एंजिनातील निकेलच्या महामिश्रधातूची पाती स्वतःच्या वितळबिंदूहून तप्त वायूत फिरतात. पात्याच्या पोटातून खेळणारी हवा आणि वरचा 0.1 ते 0.3 मिमी. जाडीचा लेप यांमुळेच ती टिकतात.

रचना : धातूवर ॲल्युमिनियमयुक्त बंधलेप, त्यावर वापरात आपोआप वाढणारा ॲल्युमिनाचा पापुद्रा आणि सर्वांत वर यट्रियाने स्थिर केलेला झिर्कोनिया. शुद्ध झिर्कोनिया निवताना स्फटिकरूप बदलून सु. 4-5% फुगतो आणि फुटतो. यट्रियाचे प्रमाण वजनाने 6 ते 8% असता लेप सर्वाधिक टिकतो, हे नासातील स्टीफन स्टेक्युरा यांनी 1978 मध्ये दाखविले. तेच प्रमाण आजही रूढ आहे.

कारणमीमांसा : तापमान 1° से. वाढले की मीटरभर लांबीमागे महामिश्रधातू सु. 14 ते 16, झिर्कोनिया सु. 11, तर ॲल्युमिना जेमतेम 8 ते 9 मायक्रोमीटर प्रसरण पावते. ऐन उष्णतेत धातू मऊ पडून थर एकमेकांशी जुळवून घेतात. मोठा ताण येतो तो निवताना. खोलीच्या तापमानाला पापुद्र्यावरचा दाब 3 गिगापास्कलहूनही अधिक भरतो. त्या दाबाने पापुद्र्याला सुरकुत्या पडतात, आवर्तनागणिक त्या खोल होतात, त्यांच्या माथ्यांवरचे सूक्ष्म तडे एकमेकांना मिळतात, लेप फुगतो आणि पोपडा गळतो. म्हणून लेपाचे आयुष्य केवळ तासांत मोजणे अपुरे आहे. किती वेळा तापला-निवला, तेही मोजावे लागते. प्लाझ्मा फवारणीच्या लेपात तडा बहुधा सिरॅमिकमध्ये, पापुद्र्यालगत जातो. इलेक्ट्रॉन शलाकेने बाष्परूपात बसविलेल्या स्तंभाकार लेपात तो बहुधा पापुद्रा व बंधलेप यांच्या सांध्यात जातो. प्रारंभ नेमका कोठे होतो, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

ओलाव्याचा परिणाम : भट्टीतून धड बाहेर आलेला नमुना निवल्यानंतर काही तासांनी, कधी काही दिवसांनी टेबलावर पडल्यापडल्या पोपडे टाकतो. पाण्याचा थेंबही त्यास पुरतो. हवेतील बाष्पामुळे ताणाखालचा सांधा दुबळा होतो, हे नासातील जेम्स स्मायलेक यांनी सविस्तर मांडले. चाचणीच्या नोंदीत नमुना निवल्यानंतर किती वेळ व कशा हवेत ठेवला, हे लिहिलेले नसल्यास दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना करू नये.

मापन : ॲल्युमिनातील क्रोमियमच्या अंशामुळे पापुद्रा लेसर प्रकाशात माणकाप्रमाणे लाल चकाकतो. दाबानुसार या प्रकाशाची तरंगलांबी सरकते. त्यावरून लेप न खरवडता ताण कळतो.

धूळ व राख : वाळू वा ज्वालामुखीची राख सु. 1,200° से.च्या पुढे काचेसारखी वितळून लेपाच्या फटींत मुरते. निवल्यावर लेपाची लवचिकता जाते.

पर्यायी द्रव्ये : गॅडोलिनियम झिर्कोनेट. ते वितळलेली राख रोखते. मात्र ठिसूळ असून ॲल्युमिनाशी रासायनिक क्रिया करते, म्हणून त्याखाली नेहमीच्या झिर्कोनियाचा थर ठेवतात.

भारतातील संशोधन : हैदराबाद आदी ठिकाणी चालते.